शिपायाचे हात आणि सुताराचे नाव

आमच्या मंडळाच्या अभ्यासवर्गात मागे एकदा सैनिकांच्या चरित्रांवर चर्चा चालली होती. मोहिमा, पदके, सेनापतींचे स्वभाव या सर्वांविषयी सभासद उत्साहाने बोलले. शेवटी एका वृद्ध सभासदांनी विचारले, "हा गृहस्थ परत आल्यावर पुढे काय करीत असे?" या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हते, कारण वाचलेल्या बहुतेक चरित्रांत युद्ध संपले की माणूसही जवळजवळ संपत होता. पेन्शन, नातवंडे आणि देहावसान यांना मिळून एक परिच्छेद, एवढाच काय तो पुढील आयुष्याचा हिशेब.

त्या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही सॅम मलूफ या अमेरिकन सुताराच्या चरित्राकडे वळलो. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेला आणि पुढे साठ वर्षे लाकडात काम केलेला हा माणूस २००९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी वारला. १९८३ साली 'सॅम मलूफ, वुडवर्कर' हे त्याचे स्वतःचे पुस्तक निघाले, आणि २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत त्याच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा जेरेमी अ‍ॅडमसन यांचा विस्तृत ग्रंथही प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात मलूफचे गुणगान करण्याचा हेतू नाही. ते तिकडे पुष्कळ झाले आहे. अशा आयुष्याचे वाचन कसे करावे आणि आपण ते कसे करतो, एवढाच आमचा विषय आहे.

'शिपाई होता, सुतार झाला' हे वाक्य उच्चारताच वाचकाच्या मनात एक तयार कथा उभी राहते. माणसाने रणांगणावर संहार पाहिला, त्याचे मन विटले, शस्त्र टाकून त्याने रंधा हाती घेतला आणि लाकडाच्या सुगंधात त्याला शांती लाभली. तलवारीचा नांगर व्हावा ही मानवजातीची जुनी आकांक्षा आहे, आणि ही कथा त्या आकांक्षेला गोंजारते. तिच्यात खोटे काही नसेलही. परंतु कथा आधीच तयार असली, की चरित्रातील तपशील तिच्या मापाने कापले जातात. सुतार लाकडाच्या मापाने खाच घेतो. खाचेच्या मापाने लाकूड ठोकून बसवू लागला तर फळी फुटते. चरित्राचेही तसेच आहे.

म्हणून आधी तपशील पाहू. सॅम मलूफचा जन्म १९१६ साली कॅलिफोर्नियातील चिनो या गावी झाला. आईवडील लेबनॉनहून आलेले. नऊ भावंडांचे कुटुंब. वडिलांचे कापडचोपडाचे दुकान. परमुलुखात दुकान मांडून बसलेल्या, घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या कुटुंबाचे चित्र आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. या मुलाने लहानपणीच आईसाठी भाकरी उलथण्याचे लाकडी उलथणे कोरून दिले होते आणि खेळणी केली होती. म्हणजे हाताची ओढ युद्धाच्या कितीतरी आधीची आहे. शाळा संपल्यावर तो एका कारखान्याच्या चित्रविभागात लागला. अक्षरलेखन, आरेखन, जाहिरातीची चित्रे ही त्याची पहिली रोजीरोटी. ऑक्टोबर १९४१ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्यापूर्वी सुमारे दोन महिने, सक्तीच्या भरतीत त्याला सैन्यात घेण्यात आले. पुढे त्याची रवानगी अलास्काच्या बाजूला झाली. १९४५ मध्ये तो सुटून परत आला.

अलास्काच्या मुलुखातील युद्ध हे आपल्या वाचनात क्वचितच येते. जपानी सैन्याने १९४२ च्या जून महिन्यात अल्यूशन द्वीपमालेतील अट्टू आणि किस्का ही दोन बेटे घेतली. मे १९४३ मध्ये अट्टूवर घनघोर लढाई झाली. ऑगस्टमध्ये किस्कावर तीस हजारांहून अधिक सैनिक उतरविण्यात आले, तेव्हा बेट रिकामे होते. जपान्यांनी आपली सुमारे पाच हजारांची शिबंदी जुलैअखेरच्या धुक्यात गुपचूप काढून नेली होती. त्या रिकाम्या बेटावरही माणसे मेली. काही सुरुंगांनी, काही धुक्यात आपल्याच सोबत्यांच्या गोळ्यांनी. धुके, चिखल, थंडी आणि वाट पाहणे हे या आघाडीचे स्वरूप होते. 'संहार पाहून विरक्ती' या कथेला लागणारी भव्य पार्श्वभूमी येथे नाही. सैनिकाच्या आयुष्यातील पुष्कळसा काळ पहारा, हमाली आणि कंटाळा यांत जातो, ही गोष्ट चरित्रकार सांगत नाहीत, कारण ती सांगण्यासारखी वाटत नाही.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा. १९४५ साली परत आलेल्या मलूफने काय केले? तो पुन्हा चित्रकामाच्या नोकरीत शिरला. १९४७ पासून मिलर्ड शीट्स या चित्रकाराच्या हाताखाली राहिला. १९४८ च्या जूनमध्ये त्याने अल्फ्रेडा वॉर्ड या तरुणीशी विवाह केला, नवे बिऱ्हाड थाटले, आणि त्या घरात बसायला काही नव्हते. विकत घेण्याइतका पैसाही नव्हता. तेव्हा त्याने टाकाऊ प्लायवूड आणि मालाच्या खोक्यांच्या फळ्या गोळा केल्या आणि घरच्या मोटारखान्यात मेज, खुर्च्या, कपाटे बनविली. ते सामान पाहून कोणी मागणी केली. मग दुसऱ्याने केली. एका लोकप्रिय गृहसजावट मासिकात त्या घराची छायाचित्रे आली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी हेन्री ड्रेफस या ख्यातनाम उद्योग-आरेखकाने आपल्या घरासाठी मोठे काम दिले. नोकरी सुटली आणि धंदा सुरू झाला.

युद्ध आणि रंधा यांच्यामध्ये तीन-चार वर्षे गेली आहेत. त्या वर्षांत नोकरी आहे, प्रेम आहे, लग्न आहे आणि रिकामे घर आहे. सुतारकामाचे तात्कालिक कारण युद्धाची जखम नसून बसायला खुर्ची नसणे हे आहे. हे कारण ऐकायला किरकोळ वाटेल. परंतु आमच्या मते या चरित्राचे सामर्थ्य येथेच आहे. ज्याला घर मांडायचे आहे, ज्याच्या हातांना काम येते आणि ज्याच्या खिशात पैसा नाही, असा माणूस जे करील ते मलूफने केले. त्यास विरक्तीचा मुलामा दिला, तर त्याच्या कष्टाचे मोल कमी होते.

याचा अर्थ युद्धाचा आणि या कामाचा संबंधच नाही, असा मात्र घेऊ नये. तो संबंध व्यक्तीच्या अंतःकरणाइतकाच समाजाच्या व्यवस्थेतही शोधावा लागतो. अमेरिकेत २२ जून १९४४ रोजी परतणाऱ्या सैनिकांसाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि घरबांधणीच्या साहाय्याचा कायदा झाला. त्याचा लाभ घेऊन सुमारे बावीस लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले आणि त्याहून दुपटीने अधिक सैनिकांनी इतर प्रकारचे व्यवसायशिक्षण घेतले. त्याच १९४४ साली आयलीन ऑसबर्न वेब या बाईंच्या प्रयत्नांतून कारागिरीचे शिक्षण देणारी एक शाळा निघाली. परत आलेल्या सैनिकांना हाताचे काम देऊन उभे करावे, हा तिच्यामागील एक हेतू होता. मलूफ या शाळेत गेला नाही. तो कोणत्याच शाळेत लाकूडकाम शिकला नाही, शाळकरी वयातील एका वर्गाचा अपवाद वगळता. परंतु त्याच्या भोवतालचे वारे असे होते की गणवेश उतरवून हातात करवत घेणारा मनुष्य कोणाला विचित्र वाटला नाही. नौदलातून परतलेला आर्थर एस्पनेट कार्पेंटर हाही त्याच कॅलिफोर्नियात, त्याच सुमारास लाकडाच्या कामाकडे वळला. त्याचे आडनावच 'सुतार' या अर्थाचे असल्याने तो कामावर मधले नाव घालीत असे. ही नावाची गोष्ट गमतीची आहे. पण तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

युद्धाचा आणि रंध्याचा संबंध पाहायचा तर मलूफच्या शेजारी दुसरे एक आयुष्य ठेवून पाहावे. जॉर्ज नाकाशिमा १९०५ साली वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे जन्मला. आईवडील जपानी. शिक्षणाने वास्तुविशारद. तिशीत तो हिंदुस्थानात आला आणि पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील 'गोलकोंड' या निवासाच्या बांधकामावर राहिला. आश्रमात त्याला सुंदरानंद हे नाव मिळाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकन अध्यक्षांचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. नाकाशिमा, त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी आयडाहोतील मिनिडोका छावणीत गेली. तेथे जपानी पद्धतीचे सुतारकाम जाणणारा एक कारागीर होता. त्याच्या हाताखाली, उरल्यासुरल्या लाकडावर, नाकाशिमा ते काम शिकला. १९४३ मध्ये तो बाहेर पडला आणि पेनसिल्वेनियात त्याने आपली कार्यशाळा उभारली.

एक माणूस गणवेश घालून जपान्यांविरुद्धच्या आघाडीवर, दुसरा जपानी रक्ताचा म्हणून काटेरी कुंपणाच्या आत. आणि दोघेही त्याच दशकात लाकडाकडे आले. विशेष असे, की नाकाशिमाचे 'द सोल ऑफ अ ट्री' हे पुस्तक १९८१ साली आणि मलूफचे पुस्तक १९८३ साली, दोन्ही कोदान्शा या तोक्योच्या प्रकाशनसंस्थेने काढली. चाळीस वर्षांत जग किती फिरले, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

या दोन पुस्तकांची वृत्ती मात्र भिन्न आहे. नाकाशिमा झाडाच्या आत्म्याविषयी बोलतो. वृक्षाला मरणोत्तर दुसरे आयुष्य देणे हा त्याच्या कामाचा अर्थ आहे, आणि त्याच्या मेजांच्या कडा झाडाच्या सालीच्या मूळ रेषेने वाकड्यातिकड्या सोडलेल्या असतात. हिंदुस्थानातील वास्तव्याचा त्याच्या विचारावर खोल परिणाम झाला होता. १९६४ मध्ये तो पुन्हा आपल्याकडे आला आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेसाठी त्याने फर्निचरचे आराखडे केले, हे आमच्या बडोद्याच्या वाचकांना शेजारघरची गोष्ट म्हणून सांगावेसे वाटते. मलूफजवळ असे तत्त्वज्ञान नाही. त्याची बोली दुकानदाराच्या मुलाची आहे. कोणते काम कोणासाठी केले, कोणते लाकूड वापरले, सांधा कसा धरला, हे तो सांगतो. साहित्य म्हणून नाकाशिमाचे पुस्तक अधिक उंचीचे आहे यात शंका नाही. परंतु उंचीवरून कधीकधी हात दिसेनासे होतात. मलूफच्या पुस्तकात ते सतत दिसतात, आणि सुताराचे पुस्तक म्हणून ते अधिक प्रामाणिक आहे, असे आमचे मत आहे.

आता त्या हातांच्या कामाकडे येऊ. मलूफची ओळख झाली ती त्याच्या झुलत्या खुर्चीने. ती बहुधा अक्रोडाच्या लाकडाची. मागे लांबवर गेलेले झुलते पाय, पाठीच्या कण्याला धरून वळलेल्या उभ्या पट्ट्या, आणि बसणाऱ्याच्या शरीराला जागा देणारी खोलगट बैठक. तो पूर्ण आराखडा काढीत नसे. फर्मे असत, त्यांवरून लाकडावर खूण केली, की जाड तुकडा पट्टा-करवतीवर दोन्ही हातांत मोकळा धरून तो त्याला सर्व बाजूंनी आकार देई. ही रीत धोक्याची आहे, इतरांनी तिचे अनुकरण करू नये, असे तो स्वतःच बजावीत असे. त्यानंतर कानस, खरवडणी आणि घासकागद यांचे दीर्घ काम. शेवटी तेल आणि मेण.

त्याचा सांधा विशेष अभ्यासण्यासारखा आहे. आपल्याकडील खुर्चीत पायाचे कुसू बैठकीच्या चौकटीतील सालीत बसते आणि सांधा आत दडतो. मलूफ बैठकीच्या कडेलाच खाच घेई, पायाला तिच्या उलट बाजूंनी चर पाडी, आणि पाय बैठकीला बाहेरून असा धरी की दोन्ही एकमेकांत अडकत. मग सरस आणि स्क्रू. स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची खुंटी बसवी, पण ती लपवीत नसे. त्यानंतर सांध्याभोवतीचे लाकूड घासून असे एकजीव करी की पाय कोठे संपतो आणि बैठक कोठे सुरू होते, हे बोट फिरवून कळत नाही. लाकडाच्या रेषा पाहूनच कळते. कर्मठ सुतार स्क्रूला नाके मुरडतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु खुर्ची टिकली आहे, आणि बसणाऱ्याची पाठ दुखत नाही. सुताराच्या कामाची कसोटी शेवटी तेथेच लागते.

टीकाकाराने येथे एक विसंगतीही नोंदविली पाहिजे. पैसा नव्हता म्हणून खोक्यांच्या फळ्यांपासून सुरू झालेले हे काम पुढे धनिकांचे झाले. १९८५ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानची मानाची वृत्ती मिळालेला हा पहिला कारागीर. कार्टर आणि रेगन या दोन अध्यक्षांकडे त्याच्या खुर्च्या गेल्या. वस्तुसंग्रहालयांनी त्या घेतल्या, आणि घेतल्यावर साहजिकच त्यांवर बसणे बंद झाले. नवीन बिऱ्हाड थाटणाऱ्या जोडप्याला त्याची खुर्ची परवडण्याचे दिवस केव्हाच सरले होते. कारखान्यातून त्याचे नमुने मोठ्या संख्येने काढण्याचे प्रस्ताव आले, ते त्याने नाकारले. या नकाराची स्तुती सर्वांनी केली आहे. आम्हांस तो नकार दुहेरी वाटतो. त्यामुळे हाताचे काम हातातच राहिले हे खरे. आणि त्यामुळेच ते थोड्यांच्या घरात राहिले, हेही तितकेच खरे. मलूफने कोणती बाजू निवडली ते उघड आहे. कोणती किंमत देऊन निवडली, हे त्याच्या चाहत्यांनी सांगितले पाहिजे होते.

त्याच्या पत्नीविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. कार्यशाळेचे हिशेब, पत्रव्यवहार, मागण्यांची नोंद हे सारे अल्फ्रेडाबाई पाहात. १९५३ मध्ये आल्टा लोमा येथील लिंबांच्या बागेत त्यांनी जागा घेतली, आणि पुढील कित्येक वर्षे मलूफ त्या घराला खोलीमागून खोली जोडीत गेला. दाराच्या कड्या, खिट्या, जिना, सारे लाकडात आणि हाताने केलेले. १९९८ मध्ये बाई वारल्या. त्याच सुमारास त्या जागेवरून महामार्ग जाणार हे ठरले होते, आणि या शतकाच्या आरंभी ते सबंध घर उचलून सुमारे तीन मैलांवर नेऊन बसविण्यात आले. आज ते लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. ज्या बाईने पन्नास वर्षे जमाखर्च सांभाळला, तिच्या वह्यांशिवाय त्या घराची एकही खोली उभी राहिली नसती. परंतु पाहणारे कड्या-खिट्या पाहतात.

आता नावाकडे येऊ. लोक मलूफला कलावंत म्हणत, शिल्पी म्हणत, आरेखक म्हणत. तो स्वतःला 'वुडवर्कर' म्हणवी, आणि पुस्तकाच्या शीर्षकातही त्याने तोच शब्द ठेवला. या निवडीवर तिकडील समीक्षक प्रसन्न आहेत. हा विनय आहे, असे ते म्हणतात. या शब्दाचे मराठी करताना मात्र आमची लेखणी अडली. 'लाकूडकाम करणारा' म्हटले तर तो वर्णनाचा शब्द होतो, नावाचा नव्हे. 'काष्ठशिल्पी' म्हटले तर ज्या मोठेपणाला त्याने नकार दिला तोच त्याच्या गळ्यात पडतो. उरतो तो 'सुतार'. आणि हा शब्द लिहिताच आपल्या समाजाचा सारा इतिहास त्याच्या मागे येऊन उभा राहतो.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात सुताराचे स्थान वाचकांना आठवत असेल. नांगर, कुळव, गाडा यांवाचून शेती नाही आणि सुतारावाचून नांगर नाही, म्हणून बलुतेदारांत त्याला वरच्या ओळीत धरलेले. तरीही तो बलुतेदारच. जन्माने ठरलेला, सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा घेणारा. कॅलिफोर्नियातील माणसाने 'मी सुतार' म्हणणे ही निवड आहे. आपल्याकडे तो जन्माचा दाखला होता. जो सुताराच्या घरी जन्मला त्याला त्या शब्दातून सुटका नव्हती, आणि जो अन्य घरी जन्मला त्याने रंधा कितीही चालविला तरी त्याला तो शब्द लावणे त्याच्या घरच्यांना रुचत नसे. मलूफचा अभिमान वाचून आपण माना डोलवितो, तेव्हा हा फरक विसरता कामा नये.

आणि आपण, नर्मदेच्या अलीकडे-पलीकडे स्थायिक झालेली मराठी घराणी, मुळात कोण आहोत? गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या फौजांबरोबर आलेल्या माणसांचे आपण वंशज. कोणी शिलेदार, कोणी बारगीर, कोणी त्यांचे हिशेब लिहिणारे, कोणी त्यांची पूजाअर्चा करणारे. पलटणी संपल्या, संस्थानेही संपली, आणि आपण कारकून, शिक्षक, वकील, इंजिनिअर झालो. आपले कुलवृत्तांत काढून पाहा. पहिल्या पुरुषाची तलवार आणि सनद यांना चार पाने असतात. नंतरच्या पिढ्यांत पदव्या आणि हुद्दे. त्या तलवारीनंतर कोणी हातात पटाशी घेतली होती काय, याचा उल्लेख तेथे सापडत नाही. १८५७ च्या धामधुमीची हकिकत आपल्याला गोडसे भटजींनी दिली, म्हणजे भिक्षुकाच्या डोळ्यांनी. त्याच धामधुमीतून वाट काढणाऱ्या गाडीवानाची, तोफेचा गाडा दुरुस्त करणाऱ्या सुताराची हकिकत मराठीत नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, ते हाताच्या कामाला विद्येची प्रतिष्ठा मिळावी म्हणून. त्या कलाभवनाचा आपणांस अभिमान आहे. आपल्या घरातले किती जण तेथे गेले आणि हातातले अवजार आयुष्यभर न सोडता राहिले, हे आपण मोजलेले नाही.

हे दोष दुसऱ्यांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस शक्य नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काही वर्षांपूर्वी सुधारून छापला, तेव्हा मजकुराचे संपादन आमच्याकडे होते. आमच्या आजोबांचे एक चुलतबंधू संस्थानी पलटणीत होते. १९४९ साली संस्थान विलीन झाल्यानंतर ते घरी बसले आणि ओसरीच्या टोकाला त्यांनी एक जाड फळी ठोकून घेतली. तीवर ते रोज सकाळी सहापासून काम करीत. पोळपाट, देव्हारे, पाट, चौरंग, बाळंतिणीच्या खोलीतले पाळणे. शेजारपाजारचे लोक काम सांगत आणि पैसे देत. ते पैसे घेत. घरातील मोठ्या माणसांना हे पैसे घेणेच खटकत असे. छंद म्हणून केले असते तर कौतुक झाले असते. रांगेत उभे राहण्याची सवय त्यांच्या अंगात अखेरपर्यंत होती. अवजारे भिंतीवर उंचीच्या क्रमाने टांगलेली असत, आणि आम्ही मुलांनी एखादी पटाशी उचलली तर ती परत कोणत्या खिळ्यावर गेली हे ते न वळता ओळखीत. युद्धाच्या गोष्टी सांगा म्हटले, तर "गुण्या धर नीट" एवढेच म्हणत.

त्यांच्या नोंदीच्या हस्तलिखितात त्यांच्या पुतणीने एक ओळ लिहून पाठविली होती: "निवृत्तीनंतर सुतारकाम करीत." ती ओळ आम्ही गाळली. कोणी सांगितले म्हणून नव्हे. जागा नव्हती असेही नाही. संपादकाच्या नजरेला ती ओळ वरच्या-खालच्या नोंदींत शोभेनाशी वाटली, एवढेच. छापील पुस्तकात त्यांच्या नावापुढे पलटणीचे नाव, हुद्दा आणि 'सेवानिवृत्त' हा शब्द आहे. त्यांनी केलेल्या पाळण्यात आमच्या घरातील तीन पिढ्या निजल्या. त्याच्या कुसू-सालीत अजून ढिलेपणा आलेला नाही.

अभ्यासवर्गातील त्या वृद्ध सभासदांच्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो, त्याचे कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. चरित्रकार युद्धानंतरचे आयुष्य गाळतात, अशी तक्रार करीत आम्ही या लेखास आरंभ केला. आणि तीच काटछाट आम्ही स्वतःच्या हाताने केली होती. मलूफच्या चाहत्यांनी त्याच्या सुतारकामाला विरक्तीची कथा चिकटविली, ती निदान त्याचे काम दाखविण्यासाठी. आम्ही कामच दाखविले नाही.

मलूफच्या पुस्तकाची मराठीत भाषांतरे व्हावीत, असा आमचा आग्रह नाही. त्यातील पुष्कळसा भाग छायाचित्रांचा आहे, आणि अक्रोडाची झुलती खुर्ची आपल्या बैठकीच्या रीतीत बसणारीही नाही. पण त्याच्या शीर्षकातील त्या एका शब्दाकडे पाहून आपण आपली बाडे पुन्हा उघडावीत, असे जरूर वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील जुन्या घरांत पलटणीतून परतून गवंडीकाम, शिवणकाम, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती करीत असलेली माणसे होऊन गेली असणार. त्यांच्या हातच्या वस्तू अजून घरात असतील. ज्यांना त्यांची माहिती आहे त्यांनी ती लिहून ठेवावी: कोणते काम, कोणती अवजारे, कोण शिकविले, किती पैसे मिळत, आणि घरच्यांना ते आवडत असे की नाही. शेवटचा मुद्दा टाळू नये.

आमच्या कुलवृत्तांताची पुरवणी येत्या वर्षी निघावयाची आहे. तीमध्ये शुद्धिपत्र असेल. त्याच्या पहिल्या ओळीत, त्या पानाचा क्रमांक देऊन, गाळलेले तीन शब्द पुतणीने लिहिले होते तसेच छापले जातील.